जपून ठेवलेलं स्ट्रेचर

त्या स्ट्रेचरची आठवण आली की आजही माझं डोकं फिरतं. साहेबांवर फिरतं, संस्थेवर फिरतं, आणि सगळ्यात जास्त माझ्या स्वतःच्या जिभेवर.

नव्वदच्या दशकात मी एका मोठ्या मदत संस्थेच्या शहापूरच्या शाखेत होते. संस्थेची कचेरी दिल्लीला, शाखा देशभर, आणि आमच्याकडे दोन खुर्च्या नि एक कपाट. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर जाऊन प्रथमोपचार शिकवायचे, हे माझं काम. डोळखांबच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर चार दिवस वर्ग घेतला. तिथल्या एका धडधाकट तरुणाला जमिनीवर आडवं करून मी दाखवलं, "पाठीला मार लागला तर माणूस वाकवायचा नाही. फळीसारखा सरळ न्यायचा." त्याला गुदगुल्या व्हायच्या, आणि त्याची बायको पदर तोंडाला लावून हसायची.

शेवटच्या दिवशी प्लास्टिकचं वेष्टण काढून पाड्याला नवंकोरं स्ट्रेचर दिलं. बायकांनी त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. आणि मी म्हणाले, "जपून ठेवा. साहेब बघायला येणार आहेत. एक डागसुद्धा दिसता कामा नये."

का बोलले मी हे? मुरबाडकडच्या एका पाड्यावर लोकांनी स्ट्रेचरवर मिरच्या वाळत घातल्या होत्या. त्यावरून संस्थेकडून तपासणीला आलेल्या साहेबांनी चारचौघांत माझी बिनपाण्याने केली होती. वाळवल्या मिरच्या, तर काय आभाळ कोसळलं? निदान ते वापरात तरी होतं! पण मी माझी नोकरी सांभाळली.

माझ्या शब्दाला त्या लोकांनी इतका मान द्यायला नको होता. त्यांनी हळदकुंकू पुसलं, प्लास्टिक पुन्हा चढवलं आणि स्ट्रेचर शाळेच्या आढ्याला टांगून ठेवलं.

फाल्गुनात तोच तरुण राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडायला चढला. भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजायला त्या लागतात. पाय सटकला आणि तो पाठीवर पडला. भरदुपारी, शाळेपासून हाकेच्या अंतरावर. चौघांनी बांबूला गोधडीची झोळी बांधली, गुडघे छातीशी येतील असं त्याला तिच्यात घातलं आणि दोन तास डोंगर उतरून डांबरी रस्त्याला आणलं. मी शहापूरच्या दवाखान्यात पोचले तेव्हा त्याच्या भावावर ओरडलेच, "शिकवलं होतं ना? स्ट्रेचर कुठं होतं?"

"शाळंत हाय ना, ताई," तो म्हणाला. "ह्याच्या डोक्यातनं रगत येत व्हतं. तुमी सांगितलं व्हतं, डाग नाय पडला पायजे."

त्याला कंबरेखाली पुन्हा काही जाणवलं नाही. हे पडतानाच झालं की झोळीत, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मला अजून माहीत नाही, आणि मरेपर्यंत माहीत होणार नाही.

दोन महिन्यांनी साहेब आले. त्यांनी स्ट्रेचर खाली काढायला लावलं, प्लास्टिकवरून हात फिरवला, खूश झाले. वहीत लिहिलं, 'साहित्य उत्तम स्थितीत.' खाली माझी सही हवी होती. ती वही त्यांच्या तोंडावर फेकायला हवी होती मी. सांगायला हवं होतं की साहित्य उत्तम आहे, पण माणूस मोडलाय. मी मुकाट्याने सही केली. त्या सहीची मला लाज वाटते.

स्ट्रेचर परत आढ्याला गेलं. त्या तरुणाची बायको शाळेच्या दाराशी केव्हाची उभी होती. साहेब जीपकडे वळले तशी ती आत आली. मला वाटलं, आता ही मला शिव्या घालणार. घालायलाच हव्या होत्या. तिने वर आढ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं,

"ताई, साहेब बघून गेलं ना? मग उद्या ह्यांना दवाखान्यात न्यायचंय, त्याला ते घेतलं तर चालंल का?"