सरपंचबाईंचं पुढचं वाक्य

लग्नाचं शूटिंग करणारी तीन माणसं चहाला बसली की किस्से संपत नाहीत. नवरदेव घोड्यावरून पडला, इथून सुरुवात होते आणि चहा गार होतो. औरंगाबादला मुकुंदवाडी स्टेशनजवळच्या टपरीवर आम्ही अजून जमतो. कॅमेऱ्यावर शकीलभाई, साऊंडला दिगंबर (एरवी वाळूजला कंपनीत शिफ्ट!) आणि एडिटिंगला मी. कुठूनही सुरुवात झाली तरी गाडी येते आमच्या एकुलत्या एक डॉक्युमेंटरीवर. जन्मभर हार घालणारे हात दाखवले. एकदाच खुर्ची ओढणारे हात दाखवले!

* * *

शेंद्र्याच्या पुढं एक गाव. तिथल्या सरपंच कौसाबाई. एका संध्याकाळी शहरातल्या एका केबल चॅनलवर बातमी लागली, "सरपंचांचा राजीनामा!" पडद्यावर खुद्द कौसाबाई हात जोडून म्हणतायत, "मला नको आता हे."

पुढं फिल्मसाठी आम्ही कॅमेरा लावून त्यांना विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"भाकरी थापत व्हते. सून पळत आली. म्हनली, आत्याबाई, तुमी राजीनामा दिला व्हय? म्या म्हनलं, दिला आसंल बाई, मलाच ठावं नाय!"

* * *

दुसऱ्या दिवशी बाई ग्रामपंचायतीत गेल्या, तर त्यांच्या खुर्चीत उपसरपंच भीमराव. गळ्यात हार, समोर तेच चॅनलवाले.

दुसरं कुणी रडलं असतं, नाहीतर भांडलं असतं. बाई बाहेर आल्या, पायरीवर बसल्या आणि पिशवीतून शिक्का काढला. "ज्याला दाखला पायजे त्यानं हितं यावं. शिक्का माझ्याकडं हाय!"

पंचायत समितीचे साहेब येऊन 'राजीनामा आलेलाच नाही' असं सांगेपर्यंत गावाचा कारभार पायरीवरून चालला!

खुर्ची परत मिळाली. नाव मिळालं नाही. अर्धं गाव म्हणायचं, "आमी आमच्या डोळ्यानं टीव्हीवर बघितलं की! भ्याली बाई." हे त्यांना लई लागलं. आम्हालाही. म्हणून फिल्म.

* * *

मग ते "मला नको आता हे" आलं कुठून?

शकीलभाईंनी बातमी बघितली आणि कपाळावर हात मारला. शूटिंग त्यांचंच होतं! गावातल्या एका सत्काराचं. भीमरावनं मोठ्या हौसेनं कॉपी मागून नेली होती. आम्ही मूळ कॅसेट लावली. बाईंना शाल-नारळ देतायत आणि त्या म्हणतायत, "मला नको आता हे. आधी वरल्या आळीला नळ द्या, मग घाला शाल."

वाक्य मधोमध कापलेलं!

भीमरावचा माणूस स्टुडिओत आला. "शकीलभाई, ती कॅसेट देऊन टाका. गावातली सगळी लग्नं इथून पुढं तुम्हालाच."

शकीलभाई लेन्स पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "मियां, आज तलक किसी का रोना काट के हँसना नहीं जोड्या मैं. अब क्या जोडूं?"

* * *

दिगंबर माईक घेऊन थेट चॅनलच्या ऑफिसात गेला, मागं कॅमेरा घेऊन शकीलभाई. वाक्य अर्धवट का दाखवलं, असं त्यानं विचारलं.

तिथले साहेब म्हणाले, "बातमीला वेळ कमी होता."

"नळ मावला नाय व्हय? त्याच्यामागं साबणाची जाहिरात बरी मावली!"

साहेबांनी त्याला बाहेर काढलं. आम्ही ते फिल्ममध्ये तसंच ठेवलं. न कापता!

* * *

फिल्मच्या नावावरून आमचं वाजलं. मी म्हणत होतो 'अविश्वास'. दिगंबर म्हणाला, "ठराव कुठं झाला? अविश्वास कसला?" शकीलभाई म्हणाले, "सीधा तख्तापालट है, वही लिखो."

शेवटी बाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "काय बी ठेवा. पन माझं पुढचं वाक्य ऱ्हाऊ द्या."

नाव मिळालं. 'पुढचं वाक्य'.

* * *

औरंगाबादच्या एका कॉलेजात शो झाला. हॉल गच्च. एका प्राध्यापकांनी उठून मनापासून विचारलं, "माध्यमांची लबाडी इतकी नेमकी पकडलीत. तुमचं शिक्षण कुठल्या इन्स्टिट्यूटमध्ये झालं?"

शकीलभाईंनी छाती काढून माईक घेतला. "मंगल कार्यालयात!"

टाळ्या थांबेनात. त्या क्षणाचा फोटो आजही माझ्या दुकानात लावलेला आहे.

* * *

गावातला शो त्याच्या आधीचा. पण तो आम्ही नेहमी शेवटी सांगतो.

चावडीसमोर पडदा लावला होता. भीमराव पहिल्या रांगेत, दोन्ही बाजूंना त्याची माणसं. आज प्रोजेक्टर फुटतोय, असं धरूनच आम्ही बसलो होतो. दिगंबर तर वायरींवरच बसला होता. कौसाबाई मागं, बायकांत.

पडद्यावर आधी चॅनलचा तुकडा आला. मग बाईंचं सगळं बोलणं. पुन्हा तुकडा, पुन्हा सगळं बोलणं. वरल्या आळीच्या बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या. कुणी हललं नाही.

फिल्म संपली. पडदा काळा झाला. अंधारात बायकांच्या घोळक्यातून एक म्हातारी काठी टेकत उठली. भीमरावची आई.

"लाईट लावा रं," ती म्हणाली. "मला माझ्या पोराचं तोंड बघायचंय."