एका दिवसाच्या पाहुण्या

आदरणीय कौसल्याताई दुर्गे यांची आणि माझी पहिली भेट झाली ती मी त्यांना कामावरून काढल्याचं पत्र द्यायला गेलो तेव्हा. आदिलाबाद जिल्ह्यातल्या जैनथजवळच्या आमच्या बालकेंद्रात मी नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. मार्चअखेर होती. सचिवांनी मला टाइप करायला दिलेला तो पहिलाच कागद. केंद्रातली मुलं सांभाळणाऱ्या ताई ओसरीवर एका मुलीच्या डोक्यातल्या उवा काढत बसल्या होत्या. माझा पडलेला चेहरा पाहून त्याच हसल्या.

"भाऊ, काऊन भेऊन राह्यले? मले दरसाल काढतेत. उद्याचा दिवस नाई, परवा पुन्हा घेतेत. जेवले का तुमी?"

आमचं निवासी केंद्र शाळा सोडून कापूस वेचायला जाणाऱ्या मुलांचं. चालवते स्वयंसेवी संस्था, पैसा सरकारचा. पगाराला इथे मानधन म्हणायचं आणि ते कधी येणार हे विचारायचं नाही. दरवर्षी मार्च संपला की सगळ्यांच्या नोकरीत एक दिवसाचा खंड दाखवायचा, म्हणजे कोणाचीच नोकरी सलग होत नाही आणि उद्या कोणी हक्क सांगत नाही. या शोधाबद्दल खरं तर आमच्या सचिवांचा गौरव अंक निघायला हवा होता.

कागदावर त्या दिवशी केंद्रात मुलं असत आणि सांभाळणारं कोणी नसे. भूक मात्र मुलांना त्या दिवशीही लागे. त्या वर्षीही ताई सकाळीच हजर झाल्या आणि हाजिरीपटावर सही करायला लागल्या. मी नवा, त्यात काटेकोर. मी त्यांना अडवलं. "आज तुम्ही बाहेरच्या. बाहेरचं माणूस आत आलं तर अभ्यागत नोंदवहीत लिहायचं असतं." ही वही तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी. त्यात ते 'मुलांची प्रगती समाधानकारक' असं लिहून चहा पिऊन जात. ताईंनी न रागावता त्याच वहीत नाव लिहिलं आणि भेटीचं कारण या रकान्यात लिहिलं, 'लेकरांना जेवू घालणे'. पुढे दरवर्षी त्या एका दिवसाच्या पाहुण्या झाल्या. तेव्हा मला माझ्या शिस्तीचं फार कौतुक वाटलं होतं. आज लाज वाटते.

एका वर्षी नेमकी त्याच दिवशी लक्ष्मी नावाची मुलगी तापाने फणफणली. ताईंनी तिला ऑटोत घालून आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं. मी मागोमाग पोचलो. तिथल्या बाईंनी विचारलं, "संस्थेकडून जबाबदार कोण?" ताई म्हणाल्या, "आज मी कोनीच नाई. उद्या सकायपासून हाय. पन पोरगी उद्यापावतर थांबनार नाई, सुई आजच लावा." ऑटोचं भाडं संस्थेने दिलं नाही, कारण त्या दिवशी ताई नोकरीत नव्हत्या. ती लक्ष्मी आज नर्स आहे आणि ताईंच्या या गौरव अंकाच्या संपादक मंडळात आहे.

अनुदान सहा-सहा महिने अडकत असे. अशाच एका खेपेला स्वयंपाकीणबाई काम सोडून निघाल्या, तेव्हा ताईंनी आपल्या ज्वारीच्या पोत्यातली निम्मी ज्वारी त्यांच्या घरी पोचवली. त्या राहिल्या, मुलांचं जेवण चुकलं नाही, आणि पुढचे दोन महिने ताई स्वतः काय खात होत्या हे आम्ही कोणी विचारलं नाही. लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात त्या याच, फक्त पीठसुद्धा ताईंचंच. ताईंच्या सत्कार समारंभात याला त्याग म्हणतील. मी याला लूट म्हणतो, आणि त्या लुटीची पत्रं मी टाइप केली आहेत.

यंदा ताईंना साठ वर्षं पूर्ण झाली आणि संस्थेने त्यांना थांबवलं. विधवा बाई, स्वतःचं घर नाही. इतकी वर्षं त्या केंद्राच्या कोठीत धान्याच्या पोत्यांशेजारी राहिल्या, ती खोलीही या महिन्यात रिकामी करायची आहे. निवृत्तीच्या हक्काच्या रकमेसाठी त्यांनी एकच मागणी केली, सलग नोकरीचा दाखला. सचिव म्हणाले, "रेकॉर्डप्रमाणे तुमची एक वर्षसुद्धा सलग नोकरी नाही." दाखल्याऐवजी ते सत्कारात ताईंना शाल देणार आहेत. देखल्या देवा दंडवत.

मग मला अभ्यागतांच्या त्या वह्या आठवल्या. माळ्यावरून सगळ्या खाली काढल्या. एक वाळवीने खाल्ली आहे, बाकी शाबूत आहेत. मी लागल्यापासून हाजिरीपटात जिथे जिथे खंड आहे, त्या त्या तारखेला पाहुण्यांच्या या शाबूत वह्यांत ताईंची सही आहे. केस विंचरणे. गोधड्या धुणे. तापाच्या मुलीस दवाखान्यात नेणे. ताईंच्या अर्जाला या वह्या जोडून मी कामगार कार्यालयात साक्षीला उभा राहणार आहे. ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या चिडल्या.

"आपल्याच पोटावर काऊन पाय देता, भाऊ? तुमालेबी तर ते दरसाल काढतेत."

"काढतात, ताई. यंदा परत घेणार नाहीत, एवढंच."

 मग त्या पदराने वह्यांवरची धूळ पुसायला लागल्या.

शाल ताईंनी जरूर घ्यावी, थंडीत उपयोगी पडते. पण ज्या मुलांना त्यांनी वाढवलं, त्यांनी सत्काराच्या दिवशी टाळ्या वाजवून घरी जाऊ नये. कामगार कार्यालयात माझ्याबरोबर यावं. ताईंच्या हाती तो दाखला पडलेला आम्हा सर्वांना पाहायला मिळो. त्यांना उत्तम आरोग्य आणि शंभर वर्षांचं आयुष्य लाभो, आणि त्या आयुष्यात तरी एका दिवसाचाही खंड न पडो.