सरक म्हणणारी

आटपाट मैसूर, तिथलं नजरबाद. तिथं मी, माझा रिक्षावाला मुलगा मोहन आणि त्याची पोर तेजू. तेजू बास्केटबॉल खेळते; उंची बेताची, पाय मात्र चाकासारखे. मी रोज संध्याकाळी मैदानाच्या कट्ट्यावर उकडलेल्या शेंगा घेऊन बसते. चार पोरी शेंगा सोलायला बसल्या की सालांआधी किस्स्यांचा ढीग होतो.

*

सुरुवातीला मला खेळ कळेना. एकीमागं धावणारी पोरगी मधेच तिला सोडून दुसरीमागं का धावते? टीमला शिकवणाऱ्या सरांना विचारलं. ते म्हणाले, अज्जी, समोरची एखादी खांबासारखी आडवी येते, आपली पोर तिथं अडकते. मग शेजारची 'स्विच' ओरडते आणि दोघी माणसं बदलतात. तुमच्या स्वयंपाकघरात दूध उतू चाललं की जवळ असेल ती धावते ना, तसंच.

"पण आमच्यात ओरडत कोणी नाही," मी म्हटलं. "म्हणून तर दूध उतू जातं."

*

या बदलाबदलीत एक खोड आहे. आमची बुटकी तेजू नेमकी उंच पोरीसमोर येते. शेजारच्या वरुणा गावच्या टीममध्ये तर एक अशी, की उसाच्या फडातच वाढलेली. तेजू जेमतेम तिच्या कोपरापर्यंत येते.

त्यावर सरांनी तोड काढली. बॉल त्या उंच पोरीकडे पोचायच्या आत आमची उंच भव्या मागून येणार, तेजूच्या पाठीवर हात मारून तिला बाहेर काढणार आणि स्वतः तिथं उभी राहणार. भव्या जिच्यामागं होती ती बुटकी तेजूनं धरायची.

"मला पार्सलसारखं पाठवतात," तेजू कुरकुरायची.

*

एकदा प्रॅक्टिसमध्ये ती भव्यावर चिडली. एवढ्या जोरात ढकलतात का?

भव्या कट्ट्याच्या पलीकडच्या टोकाला लेस बांधत होती. "नान अल्ल," म्हणाली, मी नव्हते.

"मग मला 'सरक' कोण म्हणालं?"

सगळी टीम कानडी. मराठी येतं ते एकट्या तेजूला. भव्यानं शेंग तोंडात टाकली आणि विचारलं, "सरक म्हणजे काय?"

*

चुका दाखवायला सर फोनवर व्हिडिओ घेतात. त्या दिवशीचाही होता. तेजू उभी आहे, मागं कोणी नाही. जर्सी पाठीवर एकदम आत दबते, आणि पोर बाजूला जाते.

सरांनी तीनदा बघितलं. "सुम्ने, उगाच काहीतरी, वारा असेल," म्हणाले आणि फोन खिशात घातला. त्या दिवशी झाडाचं पान हलत नव्हतं.

*

हे तेजूनं घरी जेवताना सांगितलं. मोहन भात टाकून उठला.

त्याला एक थोरली बहीण होती, माझी सुनंदा. दारापेक्षा उंच. याच मैदानावर खेळायची. तेव्हा इथं सिमेंट नव्हतं, तांबडी माती होती. मोहनच्या अंगावर कुत्रं आलं, बापाचा हात उठला, की ही मागून येऊन त्याला ढकलायची, "सरक" म्हणायची आणि स्वतः पुढं उभी राहायची. एकोणिसाव्या वर्षी तापानं गेली. तिचं हे बोलणं आम्ही तेजूला कधी सांगितलेलं नाही.

*

मग निवडीची मॅच आली, वरुण्याशीच. मोहननं बजावलं होतं, यंदा निवड नाही झाली तर खेळ बंद, साडीच्या दुकानात लावतो. आणि भव्या पाय मुरगळून माझ्याशेजारी येऊन बसली.

शेवटच्या मिनिटाला स्विच झाला. तेजूसमोर ती उसासारखी पोरगी. मागून यायला उंच अशी कोणी उरलीच नव्हती. तरी तेजू पाठीत धक्का बसावा तशी बाहेर फेकली गेली. बास्केटखाली ती पोरगी एकटी. नुसता बॉल टाकायचा. तिनं हात वर केले, मान वर केली, आणखी वर केली, आणि बॉल घाईनं दुसरीकडं फेकला. तो तेजूनं पकडला. तेवढ्यात वेळ संपली, आणि आम्ही जिंकलो.

घरी मोहननं पोरीची पांढरी जर्सी धुवायला घेतली. पाठीवर तांबड्या मातीचा पंजा होता. ती त्यानं तशीच घडी करून ठेवली.

*

परवा पत्र आलं. तेजूची राज्याच्या टीममध्ये निवड झाली. राहणं, खाणं, कॉलेज सगळं त्यांच्याकडं. साडीच्या दुकानाचं नाव आता घरात निघत नाही.

मोहन पत्र घेऊन थेट मैदानावर गेला. मी कट्ट्यावर बसले. दुपारची वेळ, मैदान रिकामं. त्यानं बास्केटखाली उभं राहून पत्र मोठ्यानं वाचलं, अगदी खालच्या सहीपर्यंत.

वाचून झालं, आणि तो धडपडत एक पाऊल बाजूला गेला.