डिफॉल्टचे पंधरा पॉइंट

“गुंड लायनीत हाये म्हंजे बाई येनार हाये, एवढंच समजाचं असते.”

हे नागसेन उंदीरवाडे एकदा बोलला होता. भद्रावतीला, खुशालभाऊच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात, दहा-अकरा माणसांसमोर. गुंड म्हणजे आमच्याकडचा पाण्याचा पितळी हंडा. पण त्या रविवारी विषय पाण्याचा नव्हता. मोबाइलवरच्या रेसिंगच्या खेळातून एका बाईची टीम काढून टाकायची की ठेवायची, यावर बोलणं चाललं होतं.

नागसेन मोहर्लीच्या जंगल सफारीच्या गेटवर जिप्सी चालवतो. वय छत्तीस. आत जंगलात वीसच्या वर गाडी न्यायची नाही, फोन न्यायचा नाही, हरणं रस्ता ओलांडत असली तर थांबायचं. वाघाच्या चाहुलीने वानर ओरडलं की तो इंजिन बंद करतो आणि मान किंचित तिरपी ठेवून ऐकतो. पर्यटक विचारतात, “कहाँ है? कहाँ है?” तो बोट ओठावर ठेवतो. चौदा वर्षं तो असा हळू चालत आला आहे. त्यामुळे तो रेसिंगच्या लीगमध्ये आहे हे कळल्यावर मिथुन पोट धरून हसला होता. मिथुन कोळशाच्या खाणीत डंपर चालवतो.

“वीसच्या स्पीडवाला माणूस रेसिंग टीमचा मालक! अबे, तुयी गाडी तर कासवानं ओव्हरटेक केली असन.”

“कासव दिसलं तर मी थांबतो,” नागसेन म्हणाला होता. “रूल हाये.”

खरं तर या खेळात गाडी चालवायचीच नसते. तुमची एक टीम असते. टायर कोणते, इंधन किती, टायर बदलायला पिटमध्ये कितव्या फेरीला थांबायचं, ड्रायव्हरला किती रेटायचं, हे ठरवून दर मंगळवारी संध्याकाळी सहाच्या आत पाठवायचं. सातला खेळ आपली आपण रेस घेतो. स्क्रीनवर सोळा ठिपके गोल फिरतात आणि सोळा घरांत सोळा माणसं त्या ठिपक्यांकडे बघत बसतात. आता काही करता येत नसतं. नागसेनला वेगाचं वेड नव्हतं. कुठे थांबायचं हे ठरवायला त्याला आवडायचं. त्याच्या टीमचं नाव ‘दिव्यानी रेसिंग’, मुलीच्या नावावरून. गाडीचा निळा रंगही तिनेच निवडला होता, ती चौथीत असताना. आता ती सातवीत आहे. तीन वर्षं बाप-लेकीने मिळून ती टीम उभी केली होती.

सहाच्या आत सेटिंग पाठवली नाही, तर खेळ आपल्या मनाची सेटिंग लावतो. तिला आम्ही डिफॉल्ट म्हणतो. मधले टायर, टाकी भरलेली, अर्ध्यावर एक थांबा. मग ऊन असो की पाऊस. अशी गाडी बाराव्या-तेराव्या नंबरावर येते, धन्याशिवाय घरी येणाऱ्या बैलासारखी.

पण एकदा ती तिसरी आली. बल्लारपूरच्या एका पोराचं लग्न झालं आणि तो खेळ विसरला. दोन महिने त्याची टीम डिफॉल्टवर धावत होती. एका पावसाच्या रेसला आम्ही सगळ्यांनी चुकीचे टायर लावले आणि त्या बेवारस गाडीने पोडियम गाठला. चौथा आलेला मिथुन ग्रुपवर भडकला, “लग्न झालेला माणूस डिफॉल्टवरच चालते, मान्य हाये. पन त्याले कप कायले?”

तेव्हा नियम सुचवला तो नागसेननेच. त्याच्या गेटवर गाड्यांना नंबर असतात. नंबर पुकारला आणि तुम्ही जागेवर नसलात, की तुमचं नाव यादीत सगळ्यात खाली जातं. का नव्हतास, हे कोणी विचारत नाही. त्याने तेच लीगला लावलं. डिफॉल्टवर गाडी धावली की पंधरा पॉइंट कट. एका हंगामात तीनदा झालं की टीम बाहेर. ग्रुपवर अंगठे पडले. माझाही पडला. रंजीता तलांडेचा अंगठा दुसऱ्या दिवशी दुपारी आला. तो इतक्या उशिरा का आला, याचा आमच्यापैकी कोणी विचार केला नाही.

रंजीता वनरक्षक आहे. तिचा बीट, म्हणजे गस्तीचा भाग, अहेरीच्याही पुढे, आत. क्वार्टरपासून तीन किलोमीटरवर रस्त्याच्या एका वळणावर मोहाचं झाड आहे, तिथे उभं राहिलं की फोनला दोन काड्या मिळतात. गस्तीवरून परतताना ती तिथे थांबायची, सेटिंग पाठवायची आणि पुढे जायची. आम्ही तिला कधी पाहिलं नव्हतं. प्रोफाइलच्या फोटोत एक सायकल होती. पण तिची गाडी आम्ही ओळखायचो. सगळ्यात कडक टायर, उशिरा थांबा, ड्रायव्हरला कधी रेटायचं नाही. शेवटच्या पाच फेऱ्यांत तिचा ठिपका एकेक माणूस मागे टाकत वर सरकायचा.

जुलैत नाल्याला पूर आला. मोहाच्या झाडापर्यंत जाता आलं नाही. डिफॉल्ट, पंधरा कट. ऑगस्टमध्ये टॉवर चार दिवस बंद होता. पुन्हा पंधरा. दोन्ही वेळा तिचा मेसेज उशिरा आला आणि एकच होता, “बरोबर हाये. नियम हाये.”

नागसेनने तो मेसेज आपल्या बायकोला, रिनाला, वाचून दाखवला होता. रिना भाताच्या रोवण्याहून आली होती, पायाला चिखल. ती म्हणाली, “भांडली असती तं बरं वाटलं असतं तुमाले.”

हे त्यानेच मला नंतर सांगितलं. आणि त्या आठवड्यात त्याला आईची, सीताबाईची, आठवण येत राहिली, हेही.

उन्हाळ्यात सीताबाई तेंदूपत्ता तोडायला पहाटेच जंगलात जायची. जाताना हातपंपावर आपला गुंड पाळीत लावून जायची. उन्हाळ्यात पंपाला पाणी कमी. पाळी यायला आठ वाजायचे, तिला परतायला दहा-अकरा. गावात एके काळी पाण्याच्या दोन लाइनी होत्या. त्याचं कारण सांगायला नको. नागसेनच्या लहानपणी लाइन एकच झाली होती, तरी जुनी माणसं गुंड ओळखायची, कोणता कोणाचा. सीताबाईच्या गुंडामागे बहुतेक वेळा कमळाबाईचा असायचा. ती त्यांच्या समाजाची नव्हती. सीताबाईची पाळी आली की कमळाबाई आधी तिचा गुंड भरायची, बाजूला सावलीत ठेवायची आणि वर पळसाचं पान झाकायची. मग आपला भरायची. एकदा गावात नवीन आलेल्या एका सुनेने तो रिकामा गुंड पायाने मागे सारला. म्हणाली, जी हजर नाई तिची पाळी गेली. कमळाबाई तिला म्हणाली, “गुंडाले हात नाईत, बाई. तुले हायेत ना?”

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी साडेपाचला नागसेनने लीगचं पान उघडलं. ज्यांची सेटिंग गेली त्यांच्या नावापुढे हिरवी खूण येते. पंधरा खुणा होत्या. रंजीताची नव्हती. त्याने फोन लावला. संपर्कक्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. पावणेसहाला पुन्हा.

तिचा पासवर्ड त्याच्याकडे होता. उन्हाळ्यात जंगलात आगी लागतात तेव्हा ती पंधरा दिवस त्या कामावर होती. “भाऊ, माह्या पिटचं गणित बरोबर हाये का, बघून ठेवा,” असं लिहून तिने तो पाठवला होता. त्याने तेव्हा फक्त बघितलं होतं. हात लावला नव्हता.

सहाला सात मिनिटं असताना त्याने तिची टीम उघडली. त्या दिवशी खेळातली हवा कोरडी होती. त्याने स्वतः मऊ टायर लावले होते, लवकरचा थांबा घेतला होता. तिच्या गाडीला त्याने ते लावलं नाही. तिने जे लावलं असतं तेच लावलं. कडक टायर. उशिरा थांबा. रेटायचं नाही.

सातला रेस झाली. रंजीता तिसरी आली. नागसेन चौथा.

“वीसच्या स्पीडवाले!” मिथुनचा मेसेज लगेच आला. “गार्ड बाईनं धूळ चारली न तुले!” नागसेनने हसरा चेहरा पाठवला.

चार दिवसांनी रंजीताला नेटवर्क मिळालं. तिने आपलं नाव तिसऱ्या नंबरावर पाहिलं असणार. लीगची महिन्याची मीटिंग त्या रविवारी खुशालभाऊच्या दुकानात होती. तिने ग्रुपवर एवढंच लिहिलं, “रविवारी मीटिंगले मी येते.”

ती आली. पहाटेच्या एसटीने निघून, चंद्रपूरला गाडी बदलून. सडपातळ, तिशीतली बाई, पाठीवर सॅक. दुकानात शिरल्यावर तिने आधी भिंतीवरचा विजेचा बोर्ड शोधला आणि फोन चार्जिंगला लावला. मग बसली. खुशालभाऊने चहा सांगितला. खुशालभाऊच लीग चालवतो. तिथल्या नोंदी, वाद, निकाल सगळं त्याच्या हातात असतं.

“मंगळवारची सेटिंग मी नाई केली,” ती म्हणाली. चहा अजून यायचा होता. “आठ दिवसांपासून आमच्याकडला टॉवर बंद होता. त्या रेसले माही गाडी डिफॉल्टवर धावाले पायजे होती. तिसरं डिफॉल्ट. मले काढा. माहा नसलेला नंबर मले नको.”

खुशालभाऊने लीगची वही उघडली. 

“मंग केली कोनं?” खुशालभाऊने विचारलं.

“ते मी नाई सांगत.”

“पासवर्ड कोनाकडे हाये?”

ती चार्जिंगला लावलेल्या फोनकडे बघत राहिली.

“मी केली,” नागसेन म्हणाला.

मिथुनने कपाळावर हात मारला. “अबे, स्वतःच हाराले?”

“मले वाटलं, सांगीन तिले फोन लागल्यावर. मंग तिचा तिसरा नंबर आला, तं सांगवलं नाई.”

“दोन टीम चालवनं म्हंजे चालवनारा बाहेर,” खुशालभाऊ हळूच म्हणाला. “हा तं पयल्या दिवसापासूनचा रूल हाये, नागसेन.”

“माहीत हाये, भाऊ. पन मले आधी दुसऱ्या रूलचं बोलू द्या. तो मीच आनला होता.” तो उभा राहिला, मग उभं राहणं विचित्र वाटून पुन्हा बसला. “डिफॉल्टवर गाडी बाराव्या नंबरले येते. शिक्षा तं तिथंच झाली. वरून आपन पंधरा कापतो, ते कायचे?”

“झोपून राह्यलेल्याचे,” मिथुन म्हणाला.

“अन् जो झोपला नाई त्याचे?”

“ते इथून कसं दिसन बे?”

“फोन लावून. मी तीनदा लावला. तुमी कोनी लावला?” कोणीच लावला नव्हता. मीही नाही. “मी गेटवरचा रूल इथी आनला. गेटवर समोर माणूस असते, नाई तं नसते. इथी आपन कोनीच समोर नसतो. हे तं हातपंपासारखं हाये. गुंड लायनीत हाये म्हंजे बाई येनार हाये, एवढंच समजाचं असते. मागच्यानं भराचा अन् बाजूले ठेवाचा.”

“अन् ते लग्नवालं पोरगं?” मिथुनने विचारलं. पण त्याचा आवाज आता खाली आला होता. “त्याचाही भराचा काय?”

“त्याले फोन लागत होता. त्यानं उचलला नाई. त्याचा नको भरू.”

चहा आला. रंजीताने आपला कप तसाच ठेवला. खुशालभाऊने वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग म्हणाला, “पुढच्या हंगामापासून पंधराचा रूल बंद. सहाच्या आधी ज्याची खूण नसन त्याले फोन लावाचा, पॉइंटच्या टेबलात मागच्या नंबरवाल्यानं. फोन नाईच लागला तं सगळ्याइले सांगून त्याची नेहमीची सेटिंग लावाची. बरोबर?” माना हलल्या. “पन या हंगामाचं या हंगामात. मंगळवारची सेटिंग रद्द केली तं रंजीताबाई बाहेर. ठेवली तं ज्यानं लावली तो बाहेर. दोघंही ठेवता येत नाई, नागसेन. मले करता आलं असतं तं केलं असतं.”

“मी जाते ना,” रंजीता घाईने म्हणाली. “मी तं तेच सांगाले एवढ्या दूर आली. नागसेन भाऊच्या पोरीच्या नावाची टीम हाये, खुशालभाऊ. मले माहीत हाये.”

नागसेनने तोवर फोन काढला होता. टीम बंद करायचं बटण खेळात खूप आत लपवलेलं आहे. त्याला शोधायला वेळ लागला. ते दाबल्यावर खेळ विचारतो, खरंच का? आणि खात्रीसाठी टीमचं नाव पूर्ण टाइप करायला लावतो. मी त्याच्या शेजारी बसलो होतो. तो एका बोटाने लिहीत होता. ‘दिव्यानी’ लिहून झाल्यावर तो थांबला. वानराचा आवाज ऐकताना थांबतो तसा, मान किंचित तिरपी. मग जागा सोडली आणि ‘रेसिंग’ लिहिलं.

स्क्रीनवरची निळी गाडी गेली. टेबलात पंधरा नावं उरली. मंगळवारच्या निकालात रंजीताचं नाव तिसऱ्यावरच होतं.

“नागसेन भाऊ,” ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच पाहत होता. हसला, थोडंसं. तिचा चहाचा कप टेबलाच्या कडेला आला होता, तो त्याने आत सरकवला, बशी उलटी करून त्यावर झाकली. मग दाराशी जाऊन चपला पायात घातल्या आणि मोहर्लीकडे जायला बाहेर पडला.