दत्तोबाची कवळी आणि कुरुळीचा घाट

भोसरीच्या आमच्या वर्कशॉपात दत्तोबा गव्हाणे फिटर होता. मशीनचा बेड, म्हणजे खालची लोखंडी बैठक, सपाट करावी तर त्यानंच. आधी एका सपाट लोखंडी प्लेटीला निळा रंग फासायचा. त्याला आम्ही ब्लू म्हणायचो. मग ती प्लेट बेडवर घासायची. बेडवर जिथे निळा डाग उमटेल तिथे उंचवटा आहे असं समजायचं आणि तो स्क्रेपरनं अलगद खरवडायचा. की पुन्हा ब्लू. दिवसच्या दिवस तो हेच करी आणि कधी कंटाळत नसे. मी स्टोअर सांभाळायचो, त्यामुळे ब्लूच्या ट्यूबा त्याला माझ्याकडूनच जात. हे आधीच कबूल केलेलं बरं.

पण चाकणपर्यंत लोक त्याला ओळखत ते वेगळ्याच कारणानं. बैलगाड्यांच्या शर्यतीत घाटावर, म्हणजे गाडे पळवायच्या धावपट्टीवर, माइक धरून गाडे पुकारणारा दत्तोबा म्हणजे हाच. मालकाचं नाव, गावाचं नाव खणखणीत घेऊन त्यानं ‘झाऽली... भिर्रर्रर्र!’ केलं की माणसं जागची उठत; गाडा किती सेकंदांत आला तेही तोच पुकारायचा. कुरुळी त्याचं गाव. तिथल्या यात्रेत चौदा वर्षं माइकला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

मशेरीनं घात केला. सत्तेचाळिसाव्या वर्षी हिरड्या सुजल्या, दात डुगडुगायला लागले. अठ्ठ्याहत्तर सालच्या दिवाळीत चिंचवडच्या डॉक्टर गद्र्यांनी चार बैठकांत सगळे दात काढले. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, ताकातली भाकरी, मशेरी कायमची बंद. हे सगळं त्यानं निमूट पाळलं. हिरड्या भरायला तीन महिने गेले. तेवढ्या काळात हा बडबडा माणूस पार मुका झाला. काही विचारलं तर तोंडावर रुमाल धरून मान हलवायचा. मला त्याचा राग यायचा. दात गेले म्हणून काय माणसानं माणसांत बसू नये?

माघात कवळी मिळाली. डॉक्टरांनी बजावलं होतं, “झोपताना काढायची, पाण्यात ठेवायची. धुताना खाली पाण्याचं घमेलं ठेवा, पडली तर फुटेल. रोज मोठ्यानं वाचा, जीभ सरावते. आणि कुठे टोचलं तर माझ्याकडे या. घरी हात लावायचा नाही.”

पाचव्या दिवशी टोचलं. कुणीही शहाणा माणूस डॉक्टरकडे गेला असता. दत्तोबा माझ्या खिडकीशी आला.

“येक ट्यूब दे ब्लूची.”

“कालच तर नेलीस.”

“ती बेडला. ही दुसऱ्या कामाला.”

मी दिली. अर्ध्या तासानं इम्तियाज टर्नर धावत आला. “चला, बघा तरी! दत्तोबाभाऊंचं तोंड!”

पाहतो तर काय, ओठ निळे, जीभ निळी, हनुवटीवर निळा ओघळ. त्यानं बेडचीच पद्धत तोंडात वापरली होती. हिरड्यांना ब्लू लावून वरची कवळी दाबायची आणि जिथे डाग येईल तिथे खरवडायचं. टोचायचं थांबलं हे खरं. पण बेड खरवडणारा हात पहिल्या डागावर थोडाच थांबतो? चहाच्या सुट्टीपर्यंत सगळा तळ त्यानं सारखा केला होता. “आरशावानी झालाय बघ,” मला म्हणाला, आणि ‘बघ’ म्हणताना वरची कवळी खालच्या कवळीवर खटकन पडली.

आम्ही पोट धरून हसलो. तो हसला नाही. त्याचा चेहरा पाहिल्यावर माझं हसू विरलं.

त्याच्या बायकोनं, अंबुबाई वहिनींनी, त्याला डॉक्टरांकडे नेलं. मीही गेलो, कारण ट्यूब माझी होती. डॉक्टरांनी आधी निळी जीभ पाहिली, मग आम्हां दोघांना यथेच्छ झापलं. ते विषारी असतं हे तरी कळतं का, म्हणाले. मग कवळी उजेडात धरून बराच वेळ पाहत राहिले. “काम मात्र सुरेख केलंय. तुमची हिरडी तेवढी लोखंडाची हवी होती.” आत नवा थर भरून द्यायला दहा दिवस लागले. वहिनींनी स्टीलचा डबा आणला. त्या रोज सकाळी कवळी स्वतः साबणानं घासून त्याच्या हातात ठेवायच्या. ब्रशसुद्धा त्या त्याला लावू देत नसत.

आता कवळी घट्ट बसली, पण दत्तोबाच हलला होता. ‘स’ म्हणताना शीळ वाजायची. घरी पेपर वाचायला बसला की भिंतीपलीकडे पोरं शीळ घालायची. यात्रा आठ दिवसांवर आली. कुरुळीहून यात्रेची शर्यत भरवणारे साहेबराव दोनदा येऊन गेले. “शब्द द्या, न्हाईतर दुसरा बघावा लागंल.” दत्तोबा मान खाली घालून बसला. वहिनी मला म्हणाल्या, “भावजी, ह्यांचा घाट सुटला तर हा मानूस ऱ्हायचा न्हाई. आमी काय करावं?”

मग दत्तोबा जेवणाच्या सुट्टीनंतर लोखंड तासणाऱ्या मोठ्या प्लेनिंग मशीनच्या मागं जाऊन काम करायला लागला. तिथे एवढा खडखडाट असतो की शेजारी ओरडलं तरी ऐकू येत नाही. ओठ हलताना दिसायचे. इम्तियाज म्हणाला, “जप करतायत वाटतं.” मलाही तेच वाटलं.

यात्रेला दोन दिवस असताना दुपारी वीज गेली. पट्टे, मोटरी, पंखे, सगळं घरघरत थांबलं. आणि त्या शांततेत प्लेनिंग मशीनच्या मागून आवाज आला. खणखणीत, एकही अक्षर न सांडलेला.

“...साहेबराव सोनवणे, मुक्काम कुरुळी, यांचा गाडा सुटतोय, सावध ऱ्हावा, झाऽऽली... भिर्रर्रर्रर्र!”

शीळ नाही, खटका नाही. मशीन बंद पडलंय हे त्याला कळलं तेव्हा साठ माणसं त्याच्याकडे बघत होती. तो पांढराफटक पडला. आता कुणी हसलं तर हा पुन्हा तोंड उघडणार नाही, एवढंच मला कळत होतं.

केबिनचं दार उघडून मालक नानासाहेब बाहेर आले. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घालून विचारलं, “अरे, मग किती सेकंदांत आला ते सांगशील की नाही?”

“बारा,” दत्तोबा म्हणाला. मग छाती भरून, वर्कशॉपचे पत्रे हादरतील असा, “बाऽऽरा सेकंद!”

असा गलका मी घाटावरसुद्धा ऐकला नव्हता. इम्तियाजनं पत्र्याचा डबा बडवला, कुणी टोप्या उडवल्या. मी डोळे पुसत होतो आणि ते लपवावं असंही मला वाटलं नाही.

वीज यायला तासभर लागला. तेवढ्यात दत्तोबा माझ्या खिडकीशी आला. मला धास्ती, आता हा काय मागतोय.

“तुझी सायकल दे,” तो म्हणाला. “सुट्टी झाली की कुरुळीला जातो. साहेबरावाला सांगाया पायजे, माइक माझाच हाय.”