वळसंगहून आणलेलं डाळिंब

वळसंगच्या वेशीतून आमची बैलगाडी निघाली तेव्हा मामंजी, म्हणजे माझे सासरे, गाडीत उलटं तोंड करून बसले होते. बैलांचं तोंड सोलापूरकडं, आम्हा नवराबायकोचं सोलापूरकडं, आणि त्यांचं एकट्याचं गावाकडं. मी म्हटलं, "मामंजी, धूळ सगळी तोंडावर येतीय, इकडं वळून बसा." तर म्हणाले, "धूळ आपल्याच गावची हाय. तू तुझी भांडी सांभाळ." गाव दिसेनासं झालं, देवळाचा कळसही गेला, तरी ते तसेच बसून राहिले.

वळसंगात राहिलेल्या माझ्या चुलत जावांनो, आणि आमच्यामागून सोलापुरात येऊन बिऱ्हाड थाटलेल्यांनो, तुम्ही भेटलात की एकच विचारता, एवढा हट्टी माणूस शहरात टिकला कसा? एकेकीला सांगून मी दमले, म्हणून एकदाचं लिहून टाकते. माझे वडील कुर्डुवाडीला रेल्वेत होते, त्यांच्या कृपेनं चार इयत्ता झाल्या, त्या आता कामाला येऊ देत.

यांना गिरणीच्या हपिसात कारकुनी लागली होती. सासूबाई वारलेल्या, हे एकुलते एक, मग म्हाताऱ्या माणसाला मागं कुणाच्या भरवशावर ठेवायचं? शेत मल्लाप्पाला दिलं. बांधाला बांध लागून असलेला शेजारी, लहानपणापासूनचा दोस्त. मामंजींनी अंगठा उठवताना तोंडातून चकार शब्द काढला नाही. सगळं काढलं ते सोलापुरात आल्यावर. इथलं दूध पाणी, इथली ज्वारी माती, इथली माणसं बोलतात का भांडतात ते कळत नाही. वळसंगात कोंबड्यानं उठायचो, इथं भोंग्यानं. पहिल्या दिवशी भोंगा झाला तसे ते अंथरुणातून उठून दारात जाऊन उभे राहिले, कुठं आग लागली बघायला. मला हसू आलं आणि नंतर वाईटही वाटलं. मी रुळांच्या कडेला वाढलेली, मला शिट्टी-भोंग्याचं काय? पण हे ड्यूटीवर गेले की त्या दीड खोलीत आपल्या गावचं बोलणारं माणूस तेवढंच होतं, आणि ते गेलं तर मी दिवसभर भिंतींशी बोलणार होते.

घराच्या मागं लहानसं परडं होतं. एकदा मी म्हटलं, "मामंजी, तिथं एखादं रोप लावा की. तेवढाच जीव रमेल."

"रोप? त्याची फळं खायाला मी असंन का?" ते म्हणाले. "लावायचं तर मोठं झाड लावायचं. आपल्या हिरीवरचं डाळिंब आना."

"ते तर शेताबरोबर विकलं," हे म्हणाले.

"मग इकत घ्या." आणि मग ते जे बोलले, त्यानं आमच्या घरात कित्येक महिने कुणाला सुखाचा घास गेला नाही. "झाड हितं लागलं तर मी बी राहतो. न्हाय लागलं तर मला गाडीत घालून मल्लाप्पाच्या वस्तीवर सोडायचं. मंग कुणी आडवं यायचं न्हाय. शब्द हाय माजा."

आता मामंजींचा शब्द म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

मल्लाप्पानं आधी यथेच्छ चेष्टा केली. "झाडासकट शेत घालवलंस, आता झाडापुरतं गिऱ्हाईक होऊन आलास व्हय?" घासाघीस झाली, दोघं रुसले, मग एका ताटात जेवले. झाड थंडीत काढायचं ठरलं. एवढं जुनं झाड एका दिवसात उपटून चालत नाही. आधी अर्ध्या बाजूनं चर खणून मुळ्या तोडायच्या, माती परत लोटायची, झाडाला सावरू द्यायचं आणि मग दुसरी बाजू. या कामासाठी मामंजी वळसंगला जाऊन राहिले, तर मला वाटलं, आता हे येतच नाहीत. पण आले. मुळांचा गड्डा तरटात बांधून, गाडीत झाड आडवं घालून, आणि स्वतः त्याच्या शेजारी. मल्लाप्पाच्या बायकोनं झाडाला हळदकुंकू लावून ओटी भरली होती, लेक सासरी धाडावी तशी. उगवतीकडच्या फांदीला चिंधी बांधलेली, कारण झाडाचं तोंड होतं तिकडंच राहिलं पाहिजे. खड्ड्यात घालायला काळी मातीसुद्धा गावचीच आणली. आमच्या परड्यात हातभर खाली नुसता मुरूम. तो फोडताना यांच्या तळहाताला फोड आले, आणि हपिसात लेखणी धरवेना.

मामंजींनी नियम घालून दिला. सकाळी एक घागर पाणी, ते स्वतः घालणार, बाकी कुणी झाडाकडं फिरकायचं नाही.

पानं तर आठवडाभरातच झडली. "थंडीत डाळिंब झडतंच," मामंजी म्हणाले, आणि ते खरंही होतं. त्यामुळं झालं काय, की झाड झोपलंय का गेलंय ते कुणालाच सांगता येईना. नखानं साल खरवडून बघायची, खाली हिरवं दिसलं म्हणजे जिवंत. मामंजी खरवडायचे, ते बाहेर गेले की मी, आणि संध्याकाळी हे. बुंध्यावर मांजर चढल्यासारखे ओरखडे झाले.

आणि याच दिवसांत मामंजी सोलापुरात रुजत होते, हे माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं. शेजारी राजय्या नावाचे म्हातारे विणकर होते. त्यांचं घर तेलुगू बोलायचं, मामंजींना मराठी आणि कानडी. तरी दोघं मागाच्या खटखटीत बसून तासन्‌तास बोलायचे. मी विचारलं, "काय कळतं हो तुम्हाला?" तर म्हणाले, "त्याची सून त्याला ताक देत न्हाय, एवढं कळलं." मग मी रोज तांब्याभर ताक राजय्यांकडं पाठवू लागले. भोंगा झाला की आता मामंजी दारात जात नसत. "आज उशिरा झाला," असं म्हणून कूस बदलायचे. पण परत जायचा विषय निघाला की म्हणायचे, "झाडाचं काय हुतंय ते बगू." मला धड आनंद करता येईना, धड रडता येईना.

पाडवा आला. राजय्यांच्या दारची लिंबोणी फुलून वासानं गल्ली भरली. आमचं डाळिंब काटक्यांसारखं उभं. एका सकाळी मामंजींनी कुदळ घेतली आणि बुंध्याशी खणायला लागले. त्या दिवशी सुट्टी होती, हेही घरीच होते. माती कणीक भिजवल्यासारखी निघाली आणि तिला आंबूस घाण वास येत होता. मुळं काळी पडून हातात तुटत होती. खाली पाणी न जिरणारा घट्ट मुरूम, वर काळी माती, म्हणजे खड्डा नव्हताच तो, रांजण होता.

"एका घागरीनं ह्ये हुनार न्हाय," मामंजी म्हणाले. "कुणी घातलं पानी?"

मी पदर सारखा केला. "दुपारी एक घागर मी घालत होते."

"मी ड्यूटीवरनं आल्यावर एक," हे खालच्या आवाजात म्हणाले.

मामंजींनी हातातलं कुजकं मूळ बाजूला ठेवलं. मग मान खाजवत म्हणाले, "राजय्याकडनं येताना मी बी एक ज्यादा वतत हुतो."

"तुम्ही?" मी म्हटलं. "अहो, तुम्हाला तर कळतं. सगळा जन्म बागायत केलीत."

"कळतंय की. पर वाळलं असतं तर जावं लागलं असतं न्हवं."

एवढं बोलून ते कुदळ टाकून बाहेर गेले. मला वाटलं, शब्द पाळायला गाडी ठरवायला गेले. मी चुलीपुढं बसून रडून घेतलं. त्यांच्या दोन धोतरांच्या घड्याही घातल्या, कारण ते माणूस शब्दाला पक्कं, आणि अडवायचं नाही असं ठरलेलं होतं.

ऊन तापायच्या आत परड्यात बोलण्याचा आवाज आला. राजय्या आणि मामंजी, आणि दोघांच्या मधे ओल्या तरटात बांधलेली पुरुषभर उंचीची लिंबोणी. दारची मोठी नव्हे, ही राजय्यांच्या मागच्या अंगणातली धाकटी, तरी लिंबं लागून गेलेली. तिची किंमत दोघांनी कुठल्या भाषेत ठरवली देव जाणे.

"मामंजी, तुमचा शब्द?" मला विचारल्याशिवाय राहवेना.

"शब्द झाडाचा दिला हुता," ते खाली वाकून खड्डा साफ करत म्हणाले. "डाळिंबाचाच म्हनून न्हाय." मग डोकं वर करून, मी भरून आणलेली घागर माझ्या हातातून काढून घेत आम्हा दोघांना दरडावलं, "आन् आता पानी मी एकटाच घालनार. कुणी घागरीला हात लावायचा न्हाय."

तुम्ही मला विचारता, घर कुठलं, वळसंग का सोलापूर? बायांनो, ज्या दिवशी मामंजींनी ती घागर माझ्या हातातून काढून घेतली, त्या दिवसापासून मला हा प्रश्न पडलेला नाही.