दिवेलागणीचे विरजण

काचीगुड्याच्या स्टेशनामागे, एका अरुंद गल्लीत सुशीलाबाईंचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड होते. आणि त्या बिऱ्हाडातली सर्वांत जुनी वस्तू कोणती म्हणाल, तर दही! उदगीरहून सासरी निघताना आईने विरजणाची वाटी पदराआड दिली होती. पती एकनाथराव महसुलात कारकून. बीड झाले, परभणी झाली, करीमनगर झाले, हैदराबाद आले. गाव बदलले, शेजार बदलला, भांडीही बदलली. पण आजच्या दह्यातले चमचाभर उद्यासाठी राखायचे, हा नेम बदलला नाही. सव्वीस वर्षे ते दही स्वतःच्याच पोटी जन्म घेत आले होते. सकाळी पहिला घास देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाचा, मग माणसांचा.

ते साल छप्पन्नचे. निजामाच्या वेळचे राज्य तीन ठिकाणी वाटले जात होते. मराठी जिल्हे मुंबईकडे चालले होते, आणि जिल्ह्यांबरोबर कारकूनही. एकनाथरावांच्या हाती औरंगाबादचा हुकूम पडला. ऑक्टोबर सरत आलेला, सामान बांधलेले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळची गाडी.

"सामानाच्या यादीत तुझं विरजणही लिहू का?" एकनाथराव म्हणाले. "एक नग, नोकरी सव्वीस वर्षं, एकही रजा नाही."

"लिहा की. तुमच्यापेक्षा त्याचीच बढती आधी होईल," सुशीलाबाईंनी उत्तर दिले.

भांडी पोत्यात गेली होती. बाहेर उरली होती एक वाटी दही. त्यातले थोडे निघताना हातावर घालायला, थोडे नव्या घरी लावायला.

सुशीलाबाईंचा आणखी एक नेम होता. दिवे लागले, की दूध-दही-विरजण उंबऱ्याबाहेर द्यायचे नाही. पुष्कळ घरांत हे सवयीने पाळतात. ही माउली भीतीने पाळी. बीडला असताना एकदा शेजारीण अडली म्हणून तिने दिवेलागणीला विरजण दिले. तिसऱ्या दिवशी सुशीलाबाईंच्या दोन वर्षांच्या यशवंताला हगवण लागली. वैद्यबुवांनी लंघन सांगितले, अन्न नाही आणि पाणीही नाही. कपाळावरच्या ओल्या पट्टीचा कोपरा पोर चोखू लागले, तो तिने आपल्या हाताने ओढून घेतला. दोन दिवसांत पाळणा रिकामा झाला, आणि पुन्हा कधी भरला नाही. सारा दोष तिने विरजण देणाऱ्या हाताला लावला.

आणि त्या शेवटच्या संध्याकाळी, समई उजळून हात जोडते आहे तोच, दारात रत्नम्मा उभी! समोरच्या खोलीत राहणाऱ्या इंजिनवरच्या फायरमनची ती बायको, कडेवर सव्वा वर्षाची पोर. पोरीची मान लुळी, ओठ कोरडे. रडत होती, पण डोळ्यांत थेंब नव्हता.

"अक्का, कलसे जुलाब होरे इसकू. डॉक्टरसाब आरे पीछेसे. मज्जिगा पिलाव बोले, ताजा ताक. थोडा दही देव ना, अक्का!"

सुशीलाबाईंचा हात वाटीपर्यंत गेला आणि थांबला. मागे समई, पुढे उंबरा. बीडची ती संध्याकाळ डोळ्यांपुढे आली.

"दिवे लागले गं, रत्नम्मा," ती म्हणाली. "माझ्या हातून बाहेर दिलेलं लाभत नाही."

 रत्नम्माने पोरीकडे पाहिले आणि ती वळली. सुशीलाबाईंची नजर समईकडून देव्हाऱ्याकडे गेली. देव्हाऱ्यात रांगणारा बाळकृष्ण, दारात मान टाकलेले लेकरू. एकाला नैवेद्य आणि दुसऱ्याला नेम?

"थांब!" ती म्हणाली. "दही बाहेर जायचं नाही ना? मग पोर आत येऊ दे!"

तिने स्वतः उंबरा ओलांडला, पोरीला कडेवर घेतले आणि देव्हाऱ्यापुढे आपल्या मांडीवर निजवले. एकनाथरावांनी बांधलेले पोते सोडले आणि पातेले काढले.

एवढ्यात डॉक्टर मुकुंदराव आले. पोरीची कातडी चिमटीत धरून पाहिली.

"बाई, आधी पाणी. उकळून निवलेलं, चिमूट मीठ, थोडी साखर. चमच्या-चमच्यानं पाजा; ओकली तर थांबा, पुन्हा पाजा. मग भाताची पातळ पेज, अधूनमधून ताक."

"ताकानं बरी होईल?"

"नुसत्या ताकाच्या भरवशावर राहू नका. दह्यात चांगले जिवंत जंतू असतात. ते आतड्यात बिऱ्हाड करतात आणि वाइटांना जागा उरू देत नाहीत, असं शास्त्र वाचलेले म्हणतात. पण पोर दगावतं ते अंगातलं पाणी आटून. पाणी तोडलं की संपलं. रडताना डोळ्यांत पाणी येतं का, लक्ष ठेवा. पिईनाशी झाली, तर सामान राहू दे, दवाखान्यात आणा."

पाणी तोडलं की संपलं! सुशीलाबाईंना बीडचा पाळणा दिसला. म्हणजे यशवंता, बाळा, विरजणानं नव्हे रे… ती ओली पट्टी ओढून घेतली मी! तिने डोळे मिटले, उघडले आणि चमचा पोरीच्या ओठांना लावला. एक तिच्यासाठी, एक त्याच्यासाठी. एक तिच्यासाठी, एक त्याच्यासाठी.

उजाडताना पोरीने चमचा झिडकारला आणि टाहो फोडला. गालांवरून पाणी ओघळले, टपोरे, खारट, जिवंत पाणी!

"आया! पानी आया!" रत्नम्मा ओरडली, आणि दोघी बायका त्या पोरीहून मोठ्याने रडल्या.

वाटी मात्र रिकामी झाली होती. तळाला चिकटलेले चमचाभर खरवडून सुशीलाबाईंनी वाटीसकट रत्नम्माला दिले. "दूध कोमट करून लाव. अजून चार दिवस हिला ताक लागेल." बाळकृष्णाला त्या दिवशी नुसत्या साखरेचा नैवेद्य झाला, आयुष्यभर लोणी चोरणाऱ्याने हीही चोरी मुकाट्याने सोसली.

संध्याकाळी काचीगुड्याच्या फलाटावर दिवे लागले. गाडीने शिटी दिली, आणि गर्दीतून रत्नम्मा धावत आली. एका कडेवर पोर, हातात फडक्याने बांधलेली तीच वाटी. सकाळी लावलेले दही नीट लागले होते.

"दिवे लागलेत की गं," सुशीलाबाईंच्या तोंडून सवयीने निघाले.

"तो क्या हुआ? ये मेरा घर नै, तुमारा बी नै. टेसनकू उंबरा कहाँ है, अक्का?"

सुशीलाबाईंना हसू आले. खिडकीतून तिने तळवा पुढे केला. रत्नम्माने त्यावर दही घातले, वाटी आत सरकवली, तशी पोर पुढे झुकली आणि तळवा चाटू लागली. गाडी हलेपर्यंत सुशीलाबाईंनी तो हात मागे घेतला नाही.

आता तसल्या चांगल्या जंतूंच्या पुड्या औषधांच्या दुकानांत मिळतात, आणि त्यांचा गुण किती यावर डॉक्टर वाद घालतात. सुशीलाबाईंनी तो वाद ऐकला नाही. औरंगाबादेत पुढे कितीतरी वर्षे, लेकरू आजारी म्हणून कुणी तिन्हीसांजेला दह्यासाठी दारात आले, की ती उंबऱ्याबाहेर वाटी देई, आणि देण्याआधी एवढेच विचारी, "पाणी पाजलंस का गं त्याला?"